बाल्कनीतून ३०० मिलिमीटर: एकांकिकेच्या हललेल्या फोटोंचं प्रकरण

एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचे फोटो ग्रुपवर पडले आणि थोड्याच वेळात सगळ्यांचं एकमत झालं: लेन्स बेकार आहे. फोटो माझ्या भाचीने काढले होते. मध्य मुंबईतल्या एका कॉलेजच्या एकांकिकेत ती बॅकस्टेजला असते. घरी कॅमेरा आहे म्हटल्यावर फोटोचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. कॅमेरा कॅनन १५००डी. त्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स स्टॅबिलायझेशनवाली (आयएस, म्हणजे हाताची थरथर स्वतः सावरणारी), आणि फोर्टातल्या बोरा बाजारातून सेकंडहँड घेतलेली ७५-३०० मात्र बिनस्टॅबिलायझेशनची. अंतिम फेरी तोंडावर आली होती, पोस्टरला द्यायला एक धड फोटो नव्हता, आणि दिग्दर्शक दादाने ऐकवून झालं होतं की पुढच्या वेळी बाहेरचा फोटोग्राफर बघू.

"मामा, ही परत देऊन आयएसवाली घेऊ का? वर किती घालावे लागतील?" एवढाच तिचा प्रश्न होता. मी म्हटलं, पैशाचं नंतर बघू. आधी कार्डातल्या मूळ फाइली दाखव. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोवर कसलंही निदान करता येत नाही.

नेपथ्य साक्षीला

नाटकाच्या फोटोंची एक सोय आहे. माणसं हलतात, नेपथ्य हलत नाही. या एकांकिकेचं नेपथ्य चाळीतल्या खोलीचं होतं: मागे भिंत, भिंतीवर कॅलेंडर, दाराची चौकट, स्टुलावर स्टीलचा तांब्या. फोटो धूसर असेल तर आधी चौकट बघायची. चौकट स्वच्छ आणि नट एका दिशेने ओढल्यासारखा पुसट, तर नट हलला. चौकटही पुसट आणि नटही त्याच दिशेने पुसट, तर कॅमेरा हलला. नट कुठेही न ओढलेला, नुसताच मऊ, पण त्याच्यामागचं कॅलेंडर वाचता येतंय, तर फोकस मागे गेला. आणि कुठेच दुहेरी कड नाही, सगळंच जरा मऊ मऊ आहे, तर दोष लेन्सकडे जाऊ शकतो. ७५-३०० ही लेन्स ३०० च्या टोकाला पूर्ण उघडी (अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, जास्तीत जास्त मोठं ठेवून) वापरली तर मऊ पडते, हे ती वापरणारे सगळे जाणतात.

भाचीच्या बहुतेक फोटोंत चौकटीला दोन कडा होत्या. कॅलेंडरवरचे मोठे लाल आकडेसुद्धा दोनदोनदा छापल्यासारखे. पण खरी चुगली तांब्याने केली. त्याच्या पोटावर स्पॉटलाइटचा एक बारीक चमकता ठिपका होता. तो ठिपका प्रत्येक फोटोत स्वल्पविरामासारखा दिसत होता, आणि त्याची शेपूट जवळजवळ नेहमी उभी होती. असा चमकता बिंदू म्हणजे शटर उघडं असताना कॅमेरा कसा फिरला त्याचा नकाशाच. फ्रेम आडवी आणि शेपूट उभी असेल, तर पहिला संशय बटणावरच्या बोटावर घ्यायचा. बोटाने वरून ठोसा मारला की कॅमेऱ्याचं नाक खाली जातं. शरीर डुलत असतं तर शेपटी आडव्यातिडव्या, प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेला गेल्या असत्या.

तरीही लेन्सला संशयाचा फायदा देणं भाग होतं. याच लेन्सने, याच हातांनी तिने मार्चमध्ये शिवडीच्या जेट्टीवरून फ्लेमिंगो टिपले होते. ते उघडून पाहिले. अ‍ॅपर्चर एफ ८ (हा आकडा लहान तितकं भोक मोठं), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४००, शटर १/१००० सेकंद. चोचीचा काळा भाग आणि पिसांच्या कडा व्यवस्थित वेगळ्या. शिवाय घरी एक चाचणी केली. वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीला चिकटवलं, रात्री ट्यूबलाइटमध्ये ३०० वर हातात धरून फोटो काढला, मग तसाच कॅमेऱ्याचा फ्लॅश उघडून दुसरा काढला. पहिल्यात अक्षरं वाचता येईनात, दुसऱ्यात फोन नंबरसुद्धा लागले. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या फार छोट्या भागापुरता असतो, हात हलायला तेवढ्यात वेळच मिळत नाही. म्हणजे काच ठीक होती.

आता फाइलींतली आकडेवारी. अ‍ॅपर्चर एफ ५.६, आयएसओ ८००, झूम जवळपास सगळीकडे ३००, आणि शटर १/३०. मोड एव्ही, म्हणजे शटर कॅमेऱ्याने ठरवलेलं. आयएसओ ८०० वर का अडकवला, विचारलं. "एकाने सांगितलं होतं, त्याच्या वर नको, दाणे येतात." हा सल्ला कोणीतरी कोणालातरी दर वर्षी देतंच.

३०० वर १/३० म्हणजे काय

हातात धरून काढताना शटर निदान फोकल लेंथच्या (लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याच्या) व्यस्त असावं, म्हणजे ३०० ला १/३००, हा फिल्मच्या काळापासूनचा ठोकताळा. १५००डीचा सेन्सर फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान, त्याचा क्रॉप फॅक्टर १.६, त्यामुळे ३०० चे ४८० धरायचे. म्हणजे शटर साधारण १/५०० हवं. १/३० हे त्याहून चार स्टॉप हळू (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), सोळापट लांब. एवढ्या फरकात हात कितीही स्थिर असले तरी नशिबावरच भिस्त.

२४ मेगापिक्सेलच्या या सेन्सरवर ३०० मिलिमीटरला एक पिक्सेल म्हणजे सुमारे अडीच सेकंदांचा कोन; अंशाच्या ३६०० भागांपैकी अडीच. बाल्कनीतून रंगमंच अंदाजे २४ मीटरवर होता. तिथे एक पिक्सेल म्हणजे नटाच्या चेहऱ्यावरचे ०.३ मिलिमीटर. झूम करून लेन्स पूर्ण लांबवल्यावर कॅमेऱ्यापासून तिचं टोक वीस सेंटिमीटरवर जातं असं धरलं, तर ते टोक फक्त ०.०२५ मिलिमीटर सरकलं की फोटोत दहा पिक्सेलची शेपूट उमटते. केसाची जाडीसुद्धा यापेक्षा जास्त असते. हे गणित मांडलं तेव्हा भाचीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा दिलासा दिसला.

आणि बसली कुठे होती, तर बाल्कनीच्या पहिल्या रांगेत, कोपरं रेलिंगवर टेकवून. कल्पना वाईट नव्हती. पण एकांकिका स्पर्धेची बाल्कनी म्हणजे कॉलेजची पोरं, आणि पोरं म्हणजे "अरे आव्वाज कुणाचा!" पडदा उघडायच्या आधी आणि प्रत्येक टाळीच्या वाक्याला त्या रेलिंगवर तळहात आपटले जातात, पाय वाजतात. लोखंडी पाइप ती सगळी थरथर कोपरांतून थेट कॅमेऱ्याला पोचवतो. आधार घ्यायच्या आधी तो आधार स्वतः थरथरतोय का, हे हात लावून बघायचं. बघितलं नाही तर नुसता हात परवडला.

स्टॅबिलायझेशन घेतलं असतं तर

एसएलआर कॅमेऱ्यावर बदलून लावता येणारी, स्टॅबिलायझेशन असलेली पहिली लेन्स कॅननने १९९५ मध्ये काढली, आणि गंमत म्हणजे तीही ७५-३००च होती. तिचा फायदा सुमारे दोन स्टॉपचा. नंतरच्या ५५-२५० एसटीएमसाठी कंपनी साडेतीन स्टॉप सांगते. म्हणजे भाचीच्या चार स्टॉपच्या तुटीतली बरीचशी त्या लेन्सने भरून निघाली असती. चौकट सुंदर आली असती, तांब्याचा ठिपका गोल आला असता.

नट मात्र पुसटच राहिले असते. बोलता बोलता हात फिरवणाऱ्या नटाचा पंजा सेकंदाला सहज एक मीटर जातो. १/३० मध्ये तो तीन सेंटिमीटरच्या वर सरकतो. २४ मीटरवरून ३०० ला ते होतात शंभरावर पिक्सेल. याला आयएस काही करू शकत नाही. ते फक्त कॅमेऱ्याची हालचाल सावरतं. नाटकाला वेगवान शटर लागतंच, आणि ते एकदा मिळवलं की स्टॅबिलायझेशनची गरज बरीचशी आपोआप संपते. डोंगर, देऊळ, बसलेला पक्षी टिपायचा असता तर मी तिला स्वतः बोरा बाजारात घेऊन गेलो असतो.

म्हणून प्रश्न असा मांडला: शटर १/३० वरून वर कसं न्यायचं, आणि लागणारं शटर १/५०० वरून खाली कसं आणायचं. दोन्ही टोकांनी.

आयएसओ ८०० चा ३२०० केला. दोन स्टॉप, फुकट. दाणे आले, पण पोस्टर छापताना आणि मोबाइलवर बघताना ते कोणाला दिसत नाहीत. हललेला चेहरा मात्र लांबूनही दिसतो. १/३० चे इथे १/१२५ झाले.

पुढचा स्टॉप अनपेक्षित जागी सापडला. तिच्या फोटोंत काळ्या विंगा आणि मागचा अंधार राखाडी दिसत होता, चेहरे मात्र पांढरेफटक. कॅमेरा अर्धी फ्रेम काळी बघतो, उजेड कमी आहे समजतो आणि शटर लांबवतो. म्हणजे फोटो नुसता हललेला नव्हता, गरजेपेक्षा जास्त उजळही होता, आणि ज्या जादा उजेडाने चेहरे बिघडत होते त्याच उजेडासाठी हात हलण्याचा धोका पत्करला जात होता. १५००डीला स्पॉट मीटरिंग, म्हणजे एका छोट्या ठिपक्यापुरता उजेड मोजणं, नाही. मध्यभागचं दहा टक्के क्षेत्र मोजणारं पार्शल आहे. ते लावून चेहऱ्यावर मोजलं, मग कॅमेरा सरळ मॅन्युअलवर टाकला. चेहऱ्याला योग्य एक्स्पोजर एक स्टॉप कमीच निघालं. १/१२५ चे १/२५०.

आता दुसरं टोक. झूम कमी करून नंतर क्रॉप करू, असं तिने स्वतःच सुचवलं. हे बरेच जण करतात आणि थरथर कमी झाली असं मानतात. तसं होत नाही. २०० वर काढून ३०० एवढा भाग कापला आणि तेवढाच मोठा करून पाहिला, तर शेपूटही तेवढीच मोठी होते. हाताचा कोन तोच राहतो. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र कमी नाचतं आणि मधल्या झूमला अ‍ॅपर्चर किंचित जास्त उघडं मिळतं, एवढाच लाभ.

खरा लाभ पुढे सरकण्यात आहे. २४ मीटरवरून ३०० ला नट जेवढा दिसतो, तेवढाच दहा मीटरवरून १२५ ला दिसतो. आणि १२५ ला, क्रॉप फॅक्टर धरून, शटर लागतं १/२००. आपल्याकडे तर १/२५० आलेलं. हिशेब जुळला, आणि तोही एक रुपया न घालता. लेन्स बदलण्यापेक्षा खुर्ची बदलायला हवी होती, हे माझं या प्रकरणातलं मुख्य म्हणणं.

खुर्ची बदलणं फुकट असलं तरी सोपं नसतं. आयोजकांना आधी विचारावं लागलं. ते म्हणाले, पाचव्या रांगेत कडेला बसा, पण पॅसेजमध्ये ट्रायपॉड उभा करायचा नाही आणि चालू प्रयोगात जागा सोडायची नाही. बरोबरच आहे त्यांचं. शिवाय खालून काढताना रंगमंचावरची मांडणी दिसत नाही, नट एकमेकांमागे लपतात. म्हणून दादाला हवी असलेली पूर्ण रंगमंचाची, वरून दिसणारी दोन-चार चित्रं १८-५५ घेऊन दुसऱ्या एका मुलीने बाल्कनीतून काढायची, असं ठरलं. त्या लेन्सला स्टॅबिलायझेशन आहेच, आणि लांबच्या दृश्यात माणसांची हालचाल फार जाणवत नाही.

हात

तालमीच्या हॉलमध्ये तिला कॅमेरा धरताना पाहिलं आणि आणखी एक गोष्ट कळली. डावा हात ती लेन्सच्या अगदी पुढच्या टोकाला चिमटीत धरायची. या लेन्सची फोकस रिंग पुढे आहे, आणि ऑटोफोकस चालू असताना ती गरागरा फिरते. बोटं तिच्यावर टेकली की मोटर अडखळते, लेन्स पुढे-मागे शोधत बसते आणि हाताला धक्केही बसतात. डावा तळहात मागे, झूम रिंगच्या खाली घेतला. लेन्सचं वजन तळव्यावर, बोटं फक्त वळवायला. कोपरं पंखासारखी बाहेर होती, ती बरगड्यांना टेकवली. पट्टा मानेत ताणून धरायला सांगितला. स्क्रीनवर बघत हात लांब करून काढणं बंद. डोळा व्ह्यूफाइंडरला, म्हणजे कपाळाचाही एक आधार मिळतो.

बटण दाबायचं नाही, बोटाचं पेर त्यावरून लोळवायचं. श्वास अर्धा सोडून. आणि एकच न काढता तीनचा बर्स्ट, म्हणजे बटण दाबून ठेवून सलग तीन फोटो. १५००डी सेकंदाला तीनच फ्रेम काढतो, पण तेवढ्या पुरतात: ठोसा पहिल्या फ्रेमला बसतो, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बोट नुसतं टेकलेलं असतं.

शिवाय सुतळी. ही जुनी युक्ती आहे. नागदेवी स्ट्रीटवर पाव इंची बोल्ट मिळतो, कॅमेऱ्याच्या तळाशी ट्रायपॉडचा जो आटा असतो त्यात तो बसतो. आखूड घ्यायचा, वॉशर घालायचा आणि हलक्या हाताने थोडे आटे बसले की थांबायचं. जोर केला तर बॉडीचा तळ जातो. बोल्टला सुतळी बांधून दुसरं टोक पायाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ओढून सुतळी ताणलेली ठेवायची. खुर्चीत बसल्यावर ती गुडघ्याखालून घेतली तरी चालते. वर-खाली हालचालीवर, म्हणजे भाचीच्या उभ्या शेपटीवर, हा इलाज चांगला लागू पडतो. आडव्या डुलण्यावर फारसा नाही. मोनोपॉड याहून बरा, पण खुर्चीत बसून दोन गुडघ्यांमध्ये तो धरायचा तर शेजारच्याशी मैत्री लागते.

पुढच्या खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकवायचा मोह होतो. नाट्यगृहाच्या खुर्च्या एका लोखंडी चौकटीत ओळीने जोडलेल्या असतात. टोकाला कोणी उशिरा येऊन धपकन बसला की सगळी रांग हलते. पुढची रांग रिकामी असेल तरच.

कधी दाबायचं

रंगीत तालमीला मी तिच्या शेजारी बसलो आणि कॅमेऱ्याबद्दल फार बोललो नाही. संहिता हातात घेऊन फक्त जागा दाखवत गेलो. नट सतत हलत नाहीत. हशा येतो तिथे अनुभवी नट थांबतो, हशा पिकू देतो आणि मग पुढचं वाक्य घेतो. त्या थांब्यात त्याचा चेहरा भावासकट स्थिर असतो. आणि शटरचा खटकाही, ज्याबद्दल दादा आधीच कुरकुरला होता, त्याच हशात बुडतो. वाक्य संपून समोरच्याकडे बघण्याचा क्षण, दार उघडून उंबऱ्यावर थबकणं, हातातला कागद वाचून मान वर करण्याआधीचा अर्धा सेकंद. बॅकस्टेजला असल्यामुळे तिला प्रयोग पाठ होता, हे तिचं भांडवल कोणत्याही बाहेरच्या फोटोग्राफरकडे नव्हतं. तिने संहितेच्या समासात खुणा केल्या.

अंतिम फेरीत सेटिंग राहिलं असं: मॅन्युअल, आयएसओ ३२००, १०० ते १३५ च्या दरम्यान झूम, अ‍ॅपर्चर मिळेल तेवढं उघडं, शटर १/२००, स्पॉटलाइटमध्ये १/३२०. बहुतेक फोटोंत चौकटीची कड एकच होती. हात फिरवणारे पंजे काही ठिकाणी पुसट आले, चेहरे स्वच्छ. ते मला आवडतात. सगळंच गोठलेलं असलं की नाटकाचा फोटो पुतळ्यांचा वाटतो. दोन चांगले प्रसंग फोकस मागच्या कॅलेंडरवर गेल्याने वाया गेले. १५००डीचे नऊ फोकस बिंदू अंधारात फार भरवशाचे नाहीत, मधलाच एक ठेवायला हवा, हे तिला नंतर लक्षात आलं.

निळ्या प्रकाशातला रात्रीचा प्रसंग मात्र हाताने जमण्यातला नव्हताच. आयएसओ ३२०० आणि एफ ५.६ ला तिथे १/३० च्या वर शटर जात नव्हतं. मित्राची ५० मिलिमीटर एफ १.८ आणली असती तर ५.६ च्या जवळजवळ दहापट उजेड मिळाला असता, आणि पैसे घालायचेच असतील तर रंगमंचासाठी ते अशा लेन्सवर घालावेत असं माझं मत आहे. पण पोस्टरसाठी दादाला नेमका तोच प्रसंग हवा होता, आणि नाटकातल्या म्हातारीचा चेहरा जवळून हवा होता.

तो रंगीत तालमीनंतरच काढून ठेवला होता. लाइट करणाऱ्या मुलाला निळा तसाच धरून ठेवायला सांगितलं, दोघी नट्या आपापल्या जागी बसल्या. रिकाम्या नाट्यगृहात ट्रायपॉडला कोणाची हरकत नव्हती. या लेन्सला स्वतःची ट्रायपॉड कॉलर (लेन्सच ट्रायपॉडला बसवायचं कडं) नाही, पुढचं वजन कॅमेऱ्याला खाली ओढतं, म्हणून लेन्सखाली घडी केलेली ओढणी आणि एक पिशवी असा टेकू दिला. लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर चित्र बघायची सोय) लावला, म्हणजे कॅमेऱ्यातला आरसा आधीच वर जातो आणि त्याचा धक्का बसत नाही. आयएसओ ४००, एफ ५.६, शटर १/४, दोन सेकंदांचा टायमर. "श्वास धरा" म्हटल्यावर म्हातारी झालेली मुलगी दोनदा हसली, तिसऱ्यांदा बसली. पोस्टरवर तोच फोटो गेला. ७५-३०० अजून तिच्याकडेच आहे.